जुने कीबोर्ड किलोवर विकू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा सगळं कोल्हापूर हळहळलं, आणि आता ते परत उभं राहतंय म्हणून सगळ्यांना बरं वाटतंय, मलाही वाटतंय. पण नाट्यगृहाची आग सगळ्यांना दिसली, आणि आपल्या जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या माळ्यावरची वाद्यं मात्र भंगाराच्या गाड्यावरनं चाललीत ती कुणालाच दिसत नाहीत, म्हणून हे पत्र लिहितोय.

ऐंशीच्या दशकात गणपतीत, जत्रेत, लग्नाच्या आदल्या रात्री कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडं ऑर्केस्ट्रा किती जोरात होते ते माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. ह्या मंडळींनी मुंबईतनं सेकंडहँड कीबोर्ड आणले, कुणी कर्ज काढून आणले. आता ते कलाकार थकले, काही गेले, आणि पोरांना माळा रिकामा करायचाय. अलीकडंच एका भंगाराच्या दुकानात मी कॉर्गचा पॉलिसिक्स पाहिला, पट्ट्या एकीकडं काढून टाकलेल्या, पत्रा वेगळा, बोर्ड वेगळा, सगळं वजनावर. हा १९८१ चा सिंथ आहे, म्हणजे विजेच्या सर्किटमधनं सूर तयार करणारा कीबोर्ड, एका वेळी सहा सूर वाजवणारा, आणि जगभरात लोक असले सिंथ शोधत फिरतात. मला खरंच पोटात तुटलं.

लोक म्हणतात जुना कॅसिओ तो, त्याचं काय एवढं. तर ह्या घराण्यातल्या वाद्यांनी रॉकचा अख्खा आवाज घडवलाय हे आधी समजून घ्यायला पाहिजे. हॅमंड ऑर्गन घ्या. त्याच्या बी-३ मॉडेलच्या आत ९१ दातेरी चाकं असतात, प्रत्येक चाक चुंबक आणि कॉइलसमोर फिरतं आणि त्यातनं सूर तयार होतो, म्हणजे हे वाद्य अर्धं संगीत आणि अर्धं मशीनशॉप आहे, उद्यमनगरातल्या कुठल्याही चांगल्या फिटरला उघडून दाखवलं तर तो खूश होऊन बघत बसेल. डीप पर्पल ह्या रॉक बँडच्या जॉन लॉर्डनं हाच हॅमंड गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधनं वाजवला आणि देवळासारखा गंभीर आवाज गिटारशी भांडायला लागला. कीथ इमर्सन हा रॉकमधला दुसरा कीबोर्डवाला तर पट्ट्यांमध्ये सुरा खुपसून सूर धरून ठेवायचा. आणि ह्याच हॅमंडची एक गंमत आपल्या लोकांना माहीत असायला पाहिजे, त्यातली मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर पळते, अमेरिकेत ६० हर्ट्झ आणि आपल्याकडं ५०, त्यामुळं तिकडचा ऑर्गन नुसता ट्रान्सफॉर्मर लावून इथं चालू केला तर काळी चार दाबल्यावर पांढरी चारच्याही जरा खालचा सूर निघतो. वाद्य बिघडलेलं नसतं, पट्टीच खाली सरकलेली असते.

मेलोट्रॉन तर आणखी वेगळा. इंग्लंडात बर्मिंगहॅमला तयार झालेलं हे वाद्य, प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्याच्यावर खऱ्या बासरीचा नाहीतर व्हायोलिनचा सूर रेकॉर्ड केलेला, पट्टी दाबली की टेप पळते आणि साधारण आठ सेकंदात संपते, मग बोट उचलायचं, परत दाबायचं. एवढ्या अडचणीतनं बीटल्सनी १९६७ साली आलेल्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' गाण्यात ती बासरी काढली जी आजही ऐकली की अंगावर काटा येतो. मिनिमूग हा सिंथ १९७० चा, एका वेळी एकच सूर, आत सूर तयार करणारे तीन ऑसिलेटर, खोली गरम झाली की सूर हलणार म्हणून आधी चालू करून तापवून ठेवायचा, आपण तबला जुळवतो तसंच. आणि द डोअर्स ह्या रॉक बँडमध्ये स्टेजवर बेस गिटारवालाच नव्हता, रे मॅन्झारेक उजव्या हातानं व्हॉक्स कॉन्टिनेन्टल ऑर्गन वाजवायचा आणि डाव्या हातानं फेंडर ऱ्होड्सच्या पियानो बेसवर बेस. आपल्याकडच्या छोट्या ऑर्केस्ट्रात बेसवाला आला नाही की कीबोर्डवाल्यानं हेच केलेलं आहे, फक्त त्याचं नाव कुठं छापून आलं नाही.

आपला ह्या सगळ्याशी संबंध काय असं कुणी विचारेल तर एक सांगतो. द हू ह्या बँडच्या १९७१ च्या अल्बमचं पहिलं गाणं, बाबा ओ'रायली, मेहेरबाबा आणि संगीतकार टेरी रायली ह्यांच्या नावांवरनं आहे, आणि मेहेरबाबांची समाधी मेहेराबादला आहे, अहिल्यानगरजवळ. ह्या बँडचा पीट टाऊनशेंड बाबांचा भक्त. गाण्याच्या सुरुवातीला जो आवाज फिरत राहतो तो सिंथचा आहे असं बहुतेक सगळे समजतात, पण तो लॉरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनचा आहे, त्यात मरिंबा रिपीट नावाची, दाबलेला सूर आपोआप परत परत वाजवणारी सोय होती ती वापरलेली. घरगुती ऑर्गन! म्हणजे दिवाणखान्यातल्या वाद्यातनं हे निघालं.

आणि बाहेरचं वाद्य आपलं करून घेण्यात कोल्हापूर कुणालाही शिकवू शकतं. हार्मोनियम तरी कुठं आपली होती, फ्रान्समधनं आली, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या कोल्हापूरच्या माणसानं तिला मैफिलीत मान मिळवून दिला, १९११ च्या मानापमान नाटकाला त्यांचंच संगीत. त्यानंतरसुद्धा रेडिओनं १९४० पासून हार्मोनियमवर बंदी घातली होती, ती उठायला १९७१ उजाडलं. पेटीला एवढं सोसावं लागलं, आज तिच्याशिवाय आपलं भजन सुरू होत नाही. सिंथला निदान भंगारात तरी घालू नका एवढंच म्हणणं आहे.

आता तरुण पोरं म्हणतात, काका, हे सगळे आवाज लॅपटॉपवर मिळतात. मिळतात, मान्य, मीही वापरतो. पण ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं समोर खरं चालू वाद्य ठेवूनच ते बनवलं ना, कुणीतरी ते सांभाळलं होतं म्हणून. आणि कंपनीचे टोन, म्हणजे वाद्यात आधीच जुळवून ठेवलेले आवाज, जगात कुठंही मिळतील, आपल्या माणसांनी बनवलेले टोन कुठनं आणणार? यामाहा डीएक्स-७ हा सिंथ, १९८३ चा, त्याच्या मेमरीत ३२ टोन राहतात आणि ते आतल्या एका लिथियम बॅटरीवर जिवंत असतात. कुणी त्यात शहनाई बसवली असेल, कुणी हलगीसोबत चालेल असा एखादा तिखट आवाज. बॅटरी गेली की ते सगळं पुसलं जातं, कायमचं. चरणजित सिंग ह्यांनी १९८२ साली मुंबईत रोलंड कंपनीच्या सिंथ आणि ठेक्याच्या मशीनवर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले, आपण विसरून गेलो, आणि २०१० साली ते परदेशातनं परत बाहेर आलं तेव्हा जग चाट पडलं. तिथं निदान रेकॉर्ड निघालेली होती. आपल्या ऑर्केस्ट्रांच्या रेकॉर्ड कुठंयत?

म्हणून ज्यांच्या घरी असं वाद्य पडून आहे त्यांना हात जोडून विनंती, एकदम प्लग लावून बघू नका. जपानमधनं आलेलं १०० व्होल्टचं असू शकतं, २३० ला लावलं की धूर. पॉलिसिक्ससारख्या सिंथमध्ये निकेल कॅडमियमची बॅटरी असते, ती गळते आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते, आपल्या पावसाळ्यात कनेक्टर गंजतात ते वेगळंच, त्यामुळं आधी जाणकाराकडनं ती बॅटरी काढून घ्या, जागा व्हिनेगरनं हलकी पुसून मग अल्कोहोलनं साफ करून घ्या. डीएक्स-७ अजून चालू असेल तर बॅटरी बदलायच्या आधी मिडी केबलनं (वाद्य कॉम्प्युटरला जोडायची केबल) आतले टोन कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, अर्ध्या तासाचं सुद्धा काम नाही. तुटलेल्या पट्टीसाठी, स्प्रिंगसाठी वाद्य टाकून देऊ नका, उद्यमनगरात नमुना दिला की असले पार्ट बनवून देणारी माणसं आहेत.

आणि मोठी विनंती शहराला. नाट्यगृह नव्यानं होतंयच तर त्यात एक छोटी खोली ह्या वाद्यांना द्या, काचेच्या कपाटात बंद नको, वाजती पाहिजेत. शिवाजी विद्यापीठात संगीत विभाग आहे, गायन समाज देवल क्लब आहे, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी शेकड्यानं पोरं आहेत, ह्यांनी मिळून कुणाकडं काय आहे त्याची नुसती यादी केली तरी खूप झालं. जुन्या कीबोर्डवाल्यांना खुर्ची देऊन बसवा, त्यांचे टोन रेकॉर्ड करा, कुठलं गाणं कशावर वाजवायचे ते त्यांच्या तोंडून ऐका. तुमच्या पेपरानं रविवारच्या पुरवणीत अशा एकेका कलाकाराबद्दल लिहिलं तर घराघरातनं वाद्यं बाहेर निघतील ह्याची मला खात्री आहे.

तोपर्यंत ज्यांना विकायचंच आहे त्यांनी निदान गाडा दारात यायच्या आधी मागच्या प्लेटवरच्या मॉडेल आणि सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, आणि ते वाद्य कुणी वाजवलं, कुठल्या साली आणलं ते घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा.

आपला,
एक कीबोर्डवादक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर