केंद्रावर जाऊन दिलेले मत

महोदय,

मतदान केंद्रांवरील गैरसोयींच्या तक्रारी वाचकांच्या पत्रांतून नेहमी येतात आणि त्यांत तथ्यही असते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी मला आलेला अनुभव मात्र वेगळा होता. तोही नोंदला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

माझी आई ८६ वर्षांची आहे. ८५ वर्षांवरील मतदारांना आता घरूनच टपाली मतपत्रिकेद्वारे मत देता येते; त्यासाठीचा १२-ड नमुन्यातील अर्ज बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) बाई घरी देऊनही गेल्या होत्या. आईने तो भरला नाही. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६२ साली विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा तिने पहिले मत दिले होते आणि तेव्हापासून ती केंद्रावरच जात आली आहे. ‘मागायला ते दारात येतात, द्यायला आपण जायचं,’ असे तिचे म्हणणे. तिच्या गुडघ्यांची काळजी अर्थातच मला होती.

शाळेच्या फाटकापाशी चाकाची खुर्ची घेऊन दोन महाविद्यालयीन स्वयंसेवक उभे होते आणि रांगेतील लोकांनी कोणी न सांगताच आम्हाला वाट करून दिली. आत पहिल्या अधिकाऱ्याने यादीतील नाव मोठ्याने वाचले. शाई लावणाऱ्या बाईंनी आईची डावी तर्जनी हातात घेतली आणि त्या हसल्या, कारण थंडीमुळे आईने सकाळीच हातांना खोबरेल तेल चोळले होते. तेलकट बोटावर शाई धरत नाही, म्हणून त्यांनी फडक्याने बोट नीट पुसले आणि मगच शाई लावली. नोंदवहीत आईने पूर्ण नावाची सही केली, तिला चांगला वेळ लागला, पण कोणी घाई केली नाही. अशक्त मतदारासोबत एक जण आत जाऊ शकतो, असे केंद्राध्यक्षांनी मला सांगितले, पण आईने मला दारापाशीच थांबवले. यंत्राचा लांब आवाज झाला तरी ती बाहेर येईना, तेव्हा माझा जीव थोडा वरखाली झाला. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेले मत छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती खाली पडेपर्यंत आई तिथे उभी होती, असे नंतर कळले.

खटकले एवढेच, की केंद्रात मोबाइल नेण्यास मनाई असूनही तो ठेवण्याची सोय कुठेच नव्हती. माझा मोबाइल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने सांभाळला. एकट्या आलेल्या मतदाराने काय करावे, याचा विचार प्रशासनाने जरूर करावा.

हे कर्मचारी आदल्या दिवशीच साहित्य घेऊन केंद्रावर पोहोचलेले असतात आणि पहाटे अभिरूप मतदान (यंत्रांची चाचणी) उरकून सकाळी ७ पासून संध्याकाळी ६ पर्यंत बसून असतात. आमच्या केंद्रावरील पथकापैकी कोणाचेही नाव मला ठाऊक नाही, म्हणून त्यांचे आभार आपल्या वृत्तपत्राद्वारे मानतो.

आपला,
एक मतदार, वाई (जि. सातारा)