गढीला राजवाडा का म्हणायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्रान्समधल्या ला मॉत-शांदनिये या पडक्या वास्तूवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, पण त्याखालची 'आठशे वर्षांपूर्वीचा राजवाडा' ही ओळ दोन्ही अंगांनी चुकली आहे.

एक तर तिथे राजा कधी नांदला नाही. व्हिएन जिल्ह्यातल्या ले त्रुआ-मुतिये गावाजवळची ही जागा 13व्या शतकात बोसे घराण्याची होती, पुढे ती रोशशुआर घराण्याकडे गेली. दोघेही सरदार. 'मॉत' म्हणजे मातीचा उंचवटा (हिंदीतल्या मरणाशी त्याचा संबंध नाही!). उंचवटा, भोवती पाण्याचा खंदक, आत जहागीरदाराचे बिऱ्हाड. याला मराठीत 'गढी' हा नेमका शब्द असताना राजवाडा कशाला?

दुसरे म्हणजे वय. जागा जुनी आहे, शंका नाही. मध्ययुगात इंग्रजांनी ती दोनदा घेतली होती. पण राज्यक्रांतीत तिची लूट झाली आणि 1809 मध्ये एनकार नावाच्या धनिकाने ती विकत घेतली. नंतर लजन या बॅरन घराण्याने तिला मध्ययुगीन दिसेल असे रूप दिले. म्हणजे फोटोतले ते निमुळते बुरूज पाहून आपण ज्या काळात जातो, तो काळ बऱ्याच अंशी 19व्या शतकातल्या हौशी श्रीमंतांनी रंगवलेला आहे.

आगीचा उल्लेख लेखात एका वाक्यात उरकला आहे. ती 1932 मध्ये लागली. घर उबदार राहावे म्हणून मालकांनी नुकतीच सेंट्रल हीटिंगची व्यवस्था बसवली होती, आणि आग तिथूनच लागली असे सांगतात. दुर्मीळ ग्रंथ, भिंतीवरचे विणलेले गालिचे, फर्निचर सगळे गेले. प्रार्थनाघर आणि कबुतरखाना तेवढा वाचला. पण मला विचाराल तर खरी पडझड आगीनंतरची. छप्परच नाही म्हटल्यावर पुढची कित्येक दशके पाऊस थेट दिवाणखान्यात पडत राहिला आणि फरशीतून झाडे उगवून वर गेली. आज लोक भाळतात ते त्या झाडांवर, हे मान्य केले पाहिजे.

2017 मध्ये 115 देशांतल्या 18 हजारांहून अधिक लोकांनी इंटरनेटवर वर्गणी काढून ती विकत घेतली. जमले 16 लाख युरो, खरेदीची किंमत होती 5 लाख. किमान वाटा 50 युरो, तेव्हाच्या दराने चार हजार रुपयांहूनही कमी. आपण 'पर्यटकांनी वाचवले' असे छापले आहे. ते पर्यटक नव्हेत, भागधारक आहेत. आणि पडक्या भिंती सावरायच्या पण नवा वाडा उभारायचा नाही, अशी योजना त्यांच्यापुढे मांडण्यात आली होती.

पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा