गिटला नेट लागतंच असं कोणी सांगितलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या करिअर पुरवणीत मध्यंतरी कॉम्प्युटरच्या पोरांनी काय काय शिकावं यावर लेख आला होता, त्यात पहिलाच सल्ला होता की गिट शिकायचं असेल तर गिटहबवर अकाउंट काढा. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि गिटहब म्हणजे तो कोड नेटवर ठेवायची एक साइट. सल्ला वाईट नाहीये, पण यामुळे गिट म्हणजेच गिटहब आणि नेट नसेल तर गिट नाही असा समज पक्का होत चाललाय. मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी डिप्लोमाच्या पोरांना शिकवतो, आमच्याकडे हा समज रोज नडतो, म्हणून लिहितोय.

लिनक्स कर्नलवाले (म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिणारे) आधी बिटकीपर नावाचं असंच सॉफ्टवेअर वापरायचे, त्याची फुकटची परवानगी गेली म्हणून लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं. गिटहब आलं २००८ ला. म्हणजे मधली वर्षं लोक गिट वापरतच होते ना? कर्नलचं काम तर आजही बहुतेक ईमेलने पॅच, म्हणजे केलेले बदल, पाठवूनच चालतं.

आमच्या लॅबची परिस्थिती सांगतो, बऱ्याच कॉलेजात साधारण अशीच असेल. नेट आहे, पण फायरवॉलमधून, ज्यातून गिटहबला जोडता येतं तो एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट बंद, प्रॉक्सीचा पासवर्ड लॅब असिस्टंटकडे आणि तो जेवायला गेलेला. त्यात गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून पासवर्डने पुश करणं (म्हणजे आपलं काम तिकडे चढवणं) बंद केलंय, त्याऐवजी टोकन नावाचा लांबलचक कोड काढावा लागतो, ते टोकन पोरं व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवतात, मग लॅबच्या मशीनवर व्हॉट्सॲप वेब उघडं राहतं आणि पुढच्या बॅचच्या हातात आयतं सगळं. एवढं सगळं करण्यापेक्षा पोरं सरळ पेनड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल २', 'फायनल सरांना दाखवलेला' असे फोल्डर करून मोकळी होतात. चौघांचा कॅपस्टोन, म्हणजे शेवटच्या वर्षाचा, प्रोजेक्ट असतो, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) यायच्या आदल्या दिवशी कोणाचा फायनल खरा यावरून भांडणं.

याला उपाय गिटमध्येच आहे आणि तो पहिल्यापासून आहे. रिपॉझिटरी म्हणजे प्रोजेक्टचा इतिहास जिथे साठतो तो फोल्डर, आणि रिमोट म्हणजे दुसरी एक रिपॉझिटरी, जिचा पत्ता तुम्ही गिटला सांगून ठेवलाय, बस. तो पत्ता नेटवरचा असू शकतो तसाच साध्या फोल्डरचा पाथ पण असू शकतो, त्याच मशीनवरचा, पेनड्राइव्हवरचा, नाहीतर लॅबमधल्या दुसऱ्या मशीनच्या शेअर फोल्डरचा. लॅबच्या एका मशीनवर शेअर फोल्डर करायचा, त्यात 'गिट इनिट --बेअर कॅपस्टोन.गिट' एवढी कमांड मारायची, आणि बाकीच्यांनी आपापल्या मशीनवरून तो पाथ देऊन 'गिट क्लोन' करायचं, म्हणजे पूर्ण प्रत घ्यायची. विंडोजवर शेअर फोल्डरला ड्राइव्ह लेटर देऊन घ्या म्हणजे उलट्यासुलट्या स्लॅशचा घोळ होत नाही. पहिल्यांदा 'तुम्ही रिकामी रिपॉझिटरी क्लोन केलीय' अशी वॉर्निंग येते, तिला घाबरायचं नाही, रिकामीच आहे ती. पुढे ॲड, कमिट (बदलांची नोंद करणं), पुश, पुल (दुसऱ्यांचे बदल आपल्याकडे आणणं) सगळं जसंच्या तसं. दोघांनी एकाच वेळी काम केलं तर मागून पुश करणाऱ्याला गिट अडवतं, आधी पुल कर म्हणतं, कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांनी एकच जागा वेगवेगळी बदलली असली, तर तो सोडवायला लागतो. म्हणजे जे शिकायचं ते सगळं इथेच शिकून होतं, तेही एक एमबी डेटा न खर्चता.

त्या 'बेअर'वर जरा थांबतो कारण पोरं अडकतात ती तिथेच. पुश झाल्यावर कोणीतरी कुतूहलाने तो कॅपस्टोन.गिट फोल्डर उघडतं, आत बघतं तर हेड नावाची फाइल, कॉन्फिग, हुक्स, ऑब्जेक्ट्स, रेफ्स, जावाची एकही फाइल नाही, आणि ओरडतं 'सर सगळं गेलं!' गेलेलं काही नसतं. बेअर रिपॉझिटरीत फक्त इतिहास असतो, सगळ्या फाइल ऑब्जेक्ट्सच्या आत दाबून ठेवलेल्या, काम करायच्या फाइल वेगळ्या मांडलेल्या नसतात. दुसऱ्या फोल्डरमध्ये क्लोन करून दाखवलं की सगळं जागेवर दिसतं आणि मग पोरांचा जीव भांड्यात पडतो.

बेअर न करता मित्राच्या चालू फोल्डरलाच रिमोट केलं तर? करून बघा, गिट पुश नाकारतं. त्याच्याकडे जी ब्रँच (कामाची शाखा) उघडी आहे तीच तुम्ही बाहेरून पुढे ढकलली तर नोंद पुढे जाईल पण त्याच्या फोल्डरमधल्या फाइल जुन्याच राहतील, गिटला वाटेल की यानेच तुमचे बदल काढून टाकलेत, आणि त्याने न बघता सगळं कमिट केलं की तुमचं काम उलटलं. म्हणून २०१० च्या १.७.० व्हर्जनपासून हे बाय डिफॉल्ट बंद आहे. सेटिंग बदलून चालू करता येतं पण शिकाऊ पोरांनी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

पेनड्राइव्हवर किंवा शेअर फोल्डरवर अजून एक अडचण येते, फोल्डरचा मालक संशयास्पद आहे असा एरर. एप्रिल २०२२ मध्ये सुरक्षेसाठी घातलेला चेक आहे तो. सेफ डिरेक्टरीच्या सेटिंगमध्ये तेवढा एक पाथ घालायचा. यूट्यूबवर तिथे सरसकट स्टार टाकायला सांगतात, म्हणजे कुठल्याही फोल्डरवर विश्वास ठेव, तसं प्लीज करू नका.

बॅकअपबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. त्याच डिस्कवर साधा पाथ देऊन क्लोन केलं की गिट जागा वाचवायला ऑब्जेक्टच्या फाइल हार्डलिंक करतं, म्हणजे फोल्डर दोन दिसतात पण डिस्कवरचा डेटा एकच, तिथे बॅड सेक्टर आला तर दोन्ही गेले. वेगळी डिस्क, वेगळं मशीन असेल तरच त्याला बॅकअप म्हणा. आणि चालू रिपॉझिटरी गुगल ड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका, एकेक फाइल पुढेमागे सिंक होते आणि रिपॉझिटरीची वाट लागते. क्लाउडवर ठेवायचंच तर 'गिट बंडल'ने सगळा इतिहास एका फाइलमध्ये बांधून ती फाइल चढवा.

कोणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, गिटहबवर प्रायव्हेट रिपॉझिटरी २०१९ पासून फुकट आहे. आहे ना, आणि नोकरीला जाताना प्रोफाइल दाखवायलाही तेच उपयोगी पडतं, मी पोरांना शेवटच्या वर्षी अकाउंट काढायला लावतोच. एका रिपॉझिटरीला दोन रिमोट ठेवता येतात, एक लॅबमधलं, एक नेटवरचं, कोणी अडवलंय? पण डिसेंबर २०१४ मध्ये आपल्याकडे ३२ साइट ब्लॉक झाल्या त्यात गिटहबची पानंही होती हे लोक विसरले. ३१ जानेवारी २०१७ ला गिटहबसारख्याच गिटलॅब या साइटच्या इंजिनिअरकडून चालू डेटाबेसच उडाला, सहा तासांच्या आसपासचे इश्यू (चुका आणि कामांच्या नोंदी) आणि कमेंट गेले, गिटमधला कोड मात्र शाबूत राहिला. यातून दुसरी बाजू पण दिसते, इश्यू, कमेंट, रिव्ह्यू हे गिटचा भाग नाहीतच, फोल्डरच्या रिमोटवर ते मिळणार नाहीत. आम्ही त्यासाठी लॅबच्या फळ्यावर यादी करतो, चालतं.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. कॉलेजांनी प्रोजेक्टच्या सीडीसोबत गिटचा लॉग मागावा, कोणी काय केलं ते एक्स्टर्नलला तिथल्या तिथे दिसेल, आणि त्याला नेट लागत नाही. आणि आपण पुढच्या पुरवणीत अकाउंट काढायच्या आधी फोल्डरचं रिमोट कसं करायचं ते चार ओळीत छापावं. कमांड छापताना मात्र इंग्रजीत छापा आणि दोन डॅशचे दोनच ठेवा, मागच्या लेखात छपाईत त्यांचा एक लांब डॅश झाला होता आणि माझी अर्धी बॅच तो जसाच्या तसा कॉपी करून एरर का येतो विचारत बसली होती.

कळावे,
एक वाचक, जि. सातारा