सोडलेले मासे आणि परतणारे मासे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जलाशयांत अमुक लाख मत्स्यबोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिल्ले) सोडल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात दर पावसाळ्यात येतात. माझी सारी नोकरी मत्स्यबीज केंद्रावर झाली असल्याने अशा बातमीतला आकडा मी नेहमी सर्वांत आधी वाचत आलो. गेले काही महिने मी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, यॅकिमा खोऱ्यात, मुलीकडे मुक्कामाला आहे. येथील सॅल्मन या, नदीत जन्मून समुद्रात वाढणाऱ्या आणि विणीसाठी नदीत परतणाऱ्या माशाच्या संवर्धनाची माहिती घेत गेलो, तेव्हा ज्या आकड्यावर आम्ही आयुष्यभर विसंबलो तो किती अपुरा असू शकतो हे मला उमगले. म्हणून हे पत्र. (आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण त्याचे या माशाशी काहीही नाते नाही.)

यॅकिमा नदीच्या वरच्या अंगाला क्ली एलम येथे यॅकामा नेशन या मूलनिवासी राष्ट्राची हॅचरी, म्हणजे मत्स्यबीज केंद्र, आहे. 1855 च्या करारात या लोकांना आपली बहुतांश जमीन सोडावी लागली, मात्र वहिवाटीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला. नदीत मासाच उरला नाही तर तो हक्क कागदावरच राहणार, हे ओळखून 1997 पासून तेथे चिनूक जातीच्या सॅल्मनचे बीज तयार केले जाते. त्यासाठी नदीतच जन्मलेले नर-मादी रोझा धरणापाशी पकडतात, सप्टेंबरच्या सुमारास अंडी फलित करतात आणि पिल्ले सुमारे दीड वर्ष सांभाळून वसंतात नदीत सोडतात. वर्षाला 8,10,000 पिल्ले सोडण्याचे उद्दिष्ट आहे. ही पिल्ले कोलंबिया नदीवरची चार धरणे पार करून समुद्रात उतरतात आणि त्यांतली जी जगतात, ती बहुतेक वयाच्या चौथ्या वर्षी जन्मनदीकडे परततात.

मात्र सगळे नर समुद्रापर्यंत जातच नाहीत. काही नर दोन वर्षांचे होतात न होतात तोच, वीतभर लांबीचे असतानाच, प्रजननक्षम होतात. येथे त्यांना 'मिनीजॅक' म्हणतात. निसर्गातही असे नर असतात, पण थोडे. अमेरिकी सरकारच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी क्ली एलमच्या पहिल्या काही वर्षांच्या पिल्लांची तपासणी करून 2004 मध्ये निष्कर्ष मांडला, तो असा की हॅचरीतल्या नरांपैकी 37 ते 49 टक्के नर दुसऱ्याच वर्षी पक्व होत होते. पिल्लांत निम्मे नर धरले आणि पूर्ण उद्दिष्टाला हेच प्रमाण लावले, तर दीड ते दोन लाख मासे 'सोडले' या रकान्यात मोजले जातात आणि मोठे होऊन परत मात्र कधीच येत नाहीत. त्यांतले काही वरच्या प्रवाहातच उन्हाळाभर राहून तेथल्या माशांच्या अन्नात व जागेत वाटेकरी होतात, तर काही थोडे खाली जाऊन समुद्र न पाहताच धरणांच्या मत्स्यशिड्या (माशांना धरण ओलांडण्यासाठी केलेल्या पाण्याच्या पायऱ्या) चढून माघारी येतात. परतणाऱ्या मोठ्या माशांत नर कमी पडतात. शिवाय विणीच्या वेळी हे छोटे नर मोठ्या जोडीच्या मध्ये शिरून अंडी फलित करू शकतात, म्हणजे हॅचरीच्या खाद्याने अकाली पक्व झालेल्या या नरांची संतती नदीतल्या पुढच्या पिढीत मिसळू शकते.

याचे मूळ आपण ज्याला चांगले संगोपन म्हणतो त्यातच आहे, आणि मला अस्वस्थ करणारी गोष्ट नेमकी हीच आहे. नराने पुढच्या वर्षी पक्व व्हायचे की नाही, याचा कौल त्याचे शरीर जवळजवळ वर्षभर आधी, पहिल्या उन्हाळ्या-शरदातच देते, आणि तो कौल तेव्हाची वाढ व अंगात साठलेली चरबी यांवरून ठरतो. नदीतल्या पिल्लाला त्या काळात जेमतेम मिळते, तर हॅचरीतल्या पिल्लाला चरबीयुक्त खाद्य वेळच्या वेळी आणि भरपूर मिळते. आनुवंशिकतेचा वाटा असतोच, पण एरवी ज्या नराने आणखी दोन वर्षे वाट पाहिली असती, त्याला या भरल्या पोटाने उंबरठ्यापलीकडे ढकललेले असते. आम्हीही आमच्या तलावांवर बोटुकलीच्या लांबीवरूनच स्वतःला शाबासकी देत असू.

उपाय ऐकायला सोपा वाटतो. उन्हाळ्यात आणि शरदात खाद्याचे प्रमाण व त्यातली चरबी कमी करायची, जमेल तेथे अंडी व पिल्ले थंड पाण्यात ठेवून सुरुवातीची वाढ मंदावायची. यावर हॅचरीतील अनुभवी माणसांचा आक्षेप असतो की लहान पिल्लू समुद्रात कमी टिकते, आणि तो आक्षेप खरा आहे. सरसकट उपाशी ठेवले तर मिनीजॅक घटतील, पण परतणारे मासेही घटतील. म्हणूनच वर्षाच्या शेवटी पिल्लू किती मोठे झाले यापेक्षा ते कोणत्या ऋतूत किती वाढले, हे पाहावे लागते. नदीतले पिल्लू हिवाळ्यात जवळपास थांबते आणि वसंतात झपाट्याने वाढते, आणि समुद्रात जाण्यासाठी शरीरात जे बदल व्हावे लागतात त्यांना ही वसंतातली वाढ पोषकच ठरते. तेव्हा हात आखडायचा तो शरदात, वसंतात नव्हे. प्रत्येक नदीचे पाणी आणि प्रत्येक वाण वेगळे असल्याने खाद्याचे एकच कोष्टक सगळीकडे चालणार नाही, हेही मान्य करायला हवे.

माझे आग्रहाचे म्हणणे एवढेच की पिल्ले सोडण्यापूर्वी प्रत्येक तुकडीतल्या काही नरांची तपासणी सक्तीची असावी. नराच्या रक्तातील 11-कीटोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण आणि वृषणांचा आकार यांवरून पक्व होऊ घातलेला नर वसंतातच ओळखता येतो, बाहेरून मात्र तो इतरांसारखाच चंदेरी दिसतो. ही टक्केवारी सोडलेल्या संख्येच्या शेजारी दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. ज्या लोकांचा करारातला हक्क या माशांवर अवलंबून आहे, त्यांना समुद्राकडे खरोखर किती मासे निघाले हे कळायलाच हवे.

आपल्याकडे अकाली पक्वतेचा अनुभव तिलापिया पाळणाऱ्यांना आहे. तो मासा लहानपणीच विऊ लागतो, तळे पिल्लांनी भरते आणि वाढ खुंटते, म्हणून तेथे केवळ नरांचे बीज वापरतात. कटला-रोहूचा प्रश्न निराळा आहे आणि त्यांना सॅल्मनचा नियम लावावा असे मी सुचवत नाही. पण आपल्या वार्ताहरांना एक विनंती अवश्य आहे. पुढच्या पावसाळ्यात मत्स्यबीज सोडल्याची बातमी देताना, मागच्या वर्षी त्याच जलाशयात सोडलेल्या बोटुकलीपैकी किती मासे मच्छीमारांच्या जाळ्यात आले, एवढे त्यांनी संबंधितांना विचारावे आणि मिळेल ते उत्तर छापावे.

आपला,
मत्स्यबीज केंद्रातील एक निवृत्त कर्मचारी
(सध्या मुक्काम यॅकिमा, वॉशिंग्टन)