पंचवीस रुपयांचा पास नेमका कोणासाठी?

महोदय,

गोव्यातल्या बायणा, झुआरीनगर किंवा मडगावच्या मोतीडोंगरावरून रोज कामाला निघणाऱ्या किती जणांना रेल्वेचा ‘इज्जत’ पास ठाऊक असेल? २००९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तो आला. असंघटित कामगाराला महिना २५ रुपयांत १०० किलोमीटरपर्यंत प्रवास. पुढे ही मर्यादा १५० झाली. वास्को ते कुळे त्यात आरामात बसते.

घोडे अडते ते उत्पन्नाच्या अटीवर. महिना १५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५०! एवढ्यात बांधकामावरचा हेल्परही मिळत नाही. वर दाखला खासदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडून आणायचा, सोबत पत्त्याचा पुरावा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला घरमालक कागद करूनच देत नाही, तो पुरावा कुठून आणणार?

उरतो साधा मासिक पास. साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात महिना निघतो, पण आरक्षित डब्यात तो चालत नाही आणि पॅसेंजर गाड्या मोजक्याच. पणजीला तर स्थानकच नाही. करमळीला उतरून बस धरायची, की वाचलेले पैसे तिथे गेलेच.

निदान उत्पन्नाची मर्यादा आजच्या मजुरीशी जुळवावी आणि तिकीट खिडकीवर या पासाची माहिती मराठी-कोंकणीत लावावी.

— काही नियमित रेल्वे प्रवासी, वास्को