कोल्हापूरच्या मार्चविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. कोल्हापूरच्या वारशावर बँडसाठी एक मार्च, म्हणजे संचलनाच्या ठेक्यातली रचना, करण्याचा तुझा संकल्प वाचून मनापासून आनंद झाला. परंतु अंबाबाईच्या आरतीची एक ओळ, मग पोवाड्याची चाल, मग लेझमीचा ठेका आणि शेवटी हलगीचा कडकडाट असा जो आराखडा तू मांडला आहेस, तो मला पटत नाही आणि तसे स्पष्ट लिहिणे हा आपल्या मैत्रीचा हक्क आहे. ओळखीच्या चाली एकीला एक जोडत गेलास, तर ऐकणारा प्रत्येक चाल ओळखून खूश होईल, पण शहर त्याच्या कानी पडणार नाही. तू आधी युलियस फुचिक यांचा ‘फ्लोरेंटिनर मार्च’ निवांतपणे ऐक. आमच्या इथल्या हौशी वाद्यवृंदात मी तो क्लॅरिनेटवर वाजवतो आणि वाजवताना दर वेळी तुझ्या योजनेचा विचार मनात येतो.

फुचिक हे मूळचे प्रागचे. १८७२ सालचा त्यांचा जन्म. रचनाशास्त्र ते थोर चेक संगीतकार ड्वोर्झाक यांच्याकडे शिकले आणि १८९७ मध्ये ऑस्ट्रो-हंगेरियन सैन्याच्या ८६व्या पायदळ पलटणीचे बँडमास्टर म्हणून सारायेवोला गेले. सर्कशीत विदूषक आले की जी धून वाजते ती त्याच वर्षीची त्यांची रचना, मूळची ग्लॅडिएटर योद्ध्यांच्या प्रवेशाची. १९०० मध्ये पलटण बुडापेस्टला हलली आणि तिथल्या वास्तव्यात, १९०७ साली, त्यांनी फ्लॉरेन्सचा हा मार्च लिहिला. त्याला त्यांनी भव्य इटालियन मार्च असे उपशीर्षक दिले. एक चेक माणूस हंगेरीच्या राजधानीत बसून इटलीतल्या नगरीचा गौरव करतो, आणि तरीही त्या रचनेत मला एकाही प्रसिद्ध इटालियन गाण्याचा तुकडा ऐकू येत नाही! शहराचा रुबाब, लगबग आणि ऐसपैसपणा त्यांनी मार्चच्या स्वतःच्या घडणीतून उभा केला आहे.

सुरुवातीला ट्रम्पेटची ललकारी येते. ती संपता संपता सगळा बँड आवाज खाली आणतो आणि पहिली धून अगदी हलक्या, नेटक्या पावलांनी सुरू होते. एकच सूर पुन्हापुन्हा, प्रत्येक वेळी जिभेने तोडून वाजवायचा असतो. श्वास अखंड ठेवायचा आणि जीभ वेतावर, म्हणजे तोंडात धरायच्या कंपणाऱ्या पातळ पट्टीवर, जेमतेम टेकवायची. जीभ जड पडली की त्या लगबगीची कवायत होते, म्हणून आमचे संचालक तो भाग आधी संथ लयीत घोटून घेतात. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या दुकानांतून चाललेले बोलणे मला त्या सुरांत ऐकू येते. मग ट्रायो, म्हणजे मार्चचा उत्तरार्धातला गाता भाग. मार्चच्या रिवाजाप्रमाणे तिथे पहिल्या पट्टीचा मध्यम हा नवा षड्ज होतो आणि गल्लीतून एकदम मोठ्या चौकात यावे तशी लांब श्वासाची गाती धून उलगडते. तीच धून पुढे पिकोलोच्या, म्हणजे छोट्या तीव्र आवाजाच्या बासरीच्या, नक्षीसह परत येते आणि अखेरीस सगळी पितळी वाद्ये ती भरघोस आवाजात उचलतात. एरवी मार्च तीनेक मिनिटांत आटोपतो. याला जवळपास पाच मिनिटे लागतात, कारण फुचिक यांना ती ट्रायोची धून पुरेशी ऐकवल्याशिवाय थांबायचे नाही. माझ्या मते सगळी रचना त्या धीरामुळे मोठी झाली आहे.

कोल्हापूरकराला हे ऐकवताना आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपले छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्येच निवर्तले. अवघे वीस वर्षांचे होते. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते, आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर, आपल्या रीतीप्रमाणे, त्यांना अग्नी देण्यात आला. त्याच जागी, काशिने उद्यानाच्या टोकाला, १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. घुमटीखाली फेटा बांधलेल्या महाराजांचा अर्धपुतळा आहे आणि शेजारचा पूल ‘इंडियानो’च्या, म्हणजे महाराजांच्याच, नावाने ओळखला जातो. फुचिक यांनी मार्च लिहिला तेव्हा ती छत्री तिथे उभी होतीच. त्यांच्या सुरांत ती नाही, पण तुझ्या सुरांत यावी असे मला फार वाटते.

तेव्हा माझी सूचना अशी. ललकारी तुतारीच्या वळणाची ठेव. भवानी मंडपाच्या नगारखान्याशी ती शोभेल. पहिली धून महाद्वार रोडच्या गर्दीची, नेटकी आणि दबक्या आवाजातली असू दे. हलगी संपूर्ण मार्चभर न वाजवता एकाच ठिकाणी, ट्रायोच्या आधीच्या जोरकस भागात, साइड ड्रमला जागा करून देऊन आण, म्हणजे तालमीतली कुस्ती डोळ्यांपुढे उभी राहील. आणि ट्रायो मात्र संपूर्ण तुझा स्वतःचा असावा, कोणाचीही उसनी ओळ न घेता, पंचगंगेच्या घाटापासून आर्नोच्या संगमापर्यंत पोहोचेल एवढ्या लांब श्वासाचा. ती धून युफोनियम या खर्जातल्या पितळी वाद्याला दे, कारण त्या वाद्याला माणसाच्या गळ्याची ऊब आहे आणि तुझ्या बँडमध्ये ते उत्तम वाजवणारे आहेत.

ट्रायोचा खर्डा झाला की आधी मला पाठव. क्लॅरिनेटच्या ओळी मी स्वतः वाजवून पाहीन आणि कुठे श्वासाला जागा कमी पडते ते खुणा करून उलट टपाली कळवीन. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
जुना क्लॅरिनेटवाला मित्र