येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या सणाच्या) आधी एक पत्र

औसा, जि. लातूर

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर म्हणालास, पोरगं नोकरीला लागलंय, तुझं ऐकतं, त्याला चार गोष्टी सांग. मी 'सांगतो' म्हणून फोन ठेवला अन् रातभर कूस बदलत राहिलो. माझं ऐकून कुणाचं भलं झाल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणून आधी तुलाच लिहितो. त्याला यातलं काय सांगायचं ते तू ठरव.

नववीत आपण चक्रवाढ व्याजाची गणितं करायचो. तुझी चुकायची, माझी बरोबर यायची. पुढं सावकारानं 'शेकडा ३' म्हणलं तेव्हा मला वाटलं, तीनच तर! ते ३ महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाला ३६. थकलेलं व्याज मुद्दलात धरलं की २ वर्षांत दामदुप्पट, ४ वर्षांत चौपट. गणित येत होतं रे मला. पण ते आपल्या ओसरीवर येऊन बसेल, असं कधी वाटलंच नाही.

कर्ज बोअरपायी झालं, हे तुला ठाऊक आहे. बाकीचं ठाऊक नाही. आबा म्हणायचे, आपल्या रानाला ज्वारी-तूर पचते, उसाच्या नादी लागू नको. मी लागलो. २०१५ ला ऊस डोळ्यांदेखत वाळायला लागला. पाणाड्या आणला, त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, पाणी काही लागलं नाही. आपल्याकडचा काळा दगड तू जाणतोस. पाणी वरच्या मुरमात नाहीतर दगडाच्या भेगांत. भेग सापडली नाही तर कितीही खाली जा, धुरळाच. पहिला बोअर कोरडा गेला तेव्हा बायको म्हणाली, "आता बास करा." मी खेकसलो, "गेलेले पैसे काढायचे का नाही?" एका बोअरात गेलेला पैसा दुसऱ्यातून निघत नसतो, एवढं तिला कळत होतं. मी तिसरा घेतला. ६०० फुटांपर्यंत गेलो. गाडी निघून गेली तेव्हा वाळलेल्या उसावर पांढरी भुकटी बसली होती, अंगावर पण.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, ५ लाख लिटर घेऊन. पुढच्या एका खेपेला मीही बघायला गेलो. खरं सांगू? तिथं उभं राहून मला बरं वाटलं. चला, मी एकटाच कोरडा नाही.

याच्यावर मी लई विचार केलाय. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आबा ब्लँकेटच्या रांगेत उभे होते, तुझे वडील त्यांच्या मागं. कुणाला लाज वाटली नाही, कारण संकट सगळ्यांचं होतं. बोअर मात्र माझ्या एकट्याच्या हट्टाचे. म्हणून मी ते झाकत गेलो. बायकोला आकडा निम्माच सांगितला. आबांना काहीच नाही. तुझे २० हजार देणं होतं म्हणून तुझा फोन उचलायचं सोडलं.

अन् तुझी माय गेली तेव्हा मी दहाव्याला आलो नाही. 'सोयाबीनची रास चालू आहे' असा निरोप धाडला. रास कसली, शेंगा भरल्याच नव्हत्या. भूकंपानंतर महिनाभर तुमच्या पत्र्याखाली जिनं मला भाकर वाढली, तिच्या दहाव्याला मी रानात, चिंचेखाली बसून होतो. दुपारभर. हे तुला आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

शेवटी एकर विकून सावकार मिटवला. मग तुझ्याकडं पैसे घेऊन आलो तर तू म्हणालास, "कसले २० हजार?" तू हसलास. मला आतून राग आला बघ. ज्याच्यापायी ४ वर्षं तोंड चुकवलं, ते तुझ्या ध्यानातही नव्हतं!

तर पोराला काय सांगायचं? हप्त्यावर मोटारसायकल घेतली म्हणतोस. हप्ता एखाद्या महिन्याला थकला तर तो तुला सांगेल का, एवढं मनाशी विचारून बघ. नसेल सांगत, तर त्याला बोलू नको. आमचे आबा रागीट होते, मला त्यांचं भ्या होतं. तू तसा होऊ नको.

बाकी ठीक. साखर निघालीय मला, चहा बिनसाखरेचा पितो, म्हणजे पितच नाही. तूही तपासून घे.

येळवशीला पोराला घेऊन ये. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, सगळं होईल. कडब्याची कोप, म्हणजे पूजेची खोपी, यंदा तिसऱ्या बोअरजवळच करायचं ठरवलंय. त्याच्या तोंडावर मोठी सपाट फरशी टाकलीय. आंबिलीचं बिंदगं ठेवायला बरी जागा आहे.

तुझा,
बाकावरचा शेजारी